मोटेच्या चाकापासून एंजिनाच्या चाकापर्यंत : नांदेड-लातूर भागातील जुनी एंजिने व हत्यारे

आपल्या पांचाळ ज्ञातीचा इतिहास लिहावयास घेतला म्हणजे लेखकाची लेखणी बहुधा विश्वकर्म्यापासून निघते आणि वेरूळच्या दहाव्या लेण्यापाशी, ज्यास लोक अद्याप ‘सुताराची झोपडी’ म्हणतात, तेथे विसावा घेते. तेथून ती एकदम आजच्या गुणवंत विद्यार्थ्यांच्या यादीवर उतरते. मधली शंभर-सव्वाशे वर्षे, म्हणजे आपल्या पणजोबांची, आजोबांची आणि वडिलांची वर्षे, कोरीच राहतात. याचे कारण उघड आहे. त्या पिढ्यांनी कागद ठेवले नाहीत. निजामी अमलातील दप्तर फारसी-उर्दूत. त्यात आपला मनुष्य आढळलाच तर बलुतेदार म्हणून एका ओळीत आढळतो. त्याच्या हाताने काय काय घडले याची नोंद तेथे नाही.

ती नोंद अन्यत्र आहे. ती गोठ्याच्या कोपऱ्यात, पडक्या विहिरीच्या काठी, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीत गंजत पडली आहे. जुने ऑइल एंजिन, लहान पेट्रोल एंजिन, भाता, ऐरण, सांडशी, वाकस, रंधा, गिरमिट, सूत मोजावयाची पट्टी हीच आमची कागदपत्रे होत. आणि ती दर महिन्यास वजनावर विकली जात आहेत. म्हणून या अंकात त्यांविषयी चार शब्द लिहावे असे योजिले आहे.

प्रथम एंजिनापूर्वीची स्थिती ध्यानात घ्यावी. मराठवाड्यातील बागायत मोटेवर चाले. चामड्याची मोट, जाड नाडा, खालचा सोल, बैलांची धाव आणि विहिरीच्या तोंडावरील चाक व कणा, एवढा तो संसार. चामडे चर्मकाराचे, परंतु चाक आणि कणा सुताराचा, त्यावरील लोखंडकाम लोहाराचे. या कामाचा मोबदला सुगीला धान्यरूपाने मिळे. सुतार व लोहार हे बलुत्याच्या थोरल्या ओळीतले, असे आपण अभिमानाने सांगतो. पण दुष्काळ पडला की थोरल्या ओळीचेही कणगे रिकामेच राही, हे सांगावयास विसरतो. नगद पैसा या व्यवहारात फारसा नव्हता.

विद्या मात्र होती. नांदेडच्या पूर्वेस, आज तेलंगणात असलेल्या कोनसमुद्रम या गावी एके काळी असे पोलाद निघत असे की ते घेण्यास इराणातून व्यापारी येत. १८२० नंतरच्या दशकात व्हॉयसे नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ते काम डोळ्यांनी पाहून लिहून ठेविले आहे. मुशीत लोखंड घालून, मुखबंद करून, दीर्घकाळ आच देण्याची ती रीत पुढे विलायती पोलादापुढे टिकली नाही. गोदाकाठचा लोहार नांगराचा फाळ आणि बैलगाडीची धाव यांवर राहिला. (मोटेच्या बैलांचा उतार आणि गाडीच्या चाकावरील लोखंडी पट्टा या दोहोंस आपल्या भाषेत एकच ‘धाव’ हा शब्द आहे. प्रस्तुत लेखात दोन्ही येतात, म्हणून सांगितले.)

तिकडे युरोपात १८७६ साली ओट्टोने चार फेऱ्यांचे एंजिन सिद्ध केले. १८९० साली अक्रॉइड स्टुअर्टने तापलेल्या गोळ्यावर जड तेल पेटविणाऱ्या एंजिनाचे हक्क घेतले. १८९७ साली डीझेलचे एंजिन चालू झाले. या शोधांची कथा पुष्कळ ठिकाणी वाचावयास मिळते, म्हणून येथे विस्तार करीत नाही. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की वाफेच्या एंजिनास बॉयलर, पाणी, कोळसा आणि परवाना लागे. तेलाच्या एंजिनास एक मनुष्य आणि एक डबा घासलेट पुरे. ते खेड्यात येऊ शकत होते.

ते आले रेल्वेने. नांदेडला हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरमापी रेल्वे १९०० च्या सुमारास आली आणि मनमाडला मुंबईच्या रुंद रुळांस मिळाली. लातूरला १९११ साली बार्शी लाइट रेल्वे पोहोचली. तिचे रूळ अवघे अडीच फुटांच्या अंतराचे. मुंबईकडून आलेला माल कुर्डुवाडीस उतरवून पुन्हा लहान डब्यांत चढवावा लागे. त्यावर निजामी सरहद्दीची करोडगिरी भरावयाची. मोठे फ्लायव्हील म्हणजे एक अखंड बिडाचे ओतीव चाक. हमालांच्या हातून ते फलाटावर आपटले तर तडा जाणारच. तडा गेलेला भाग मुंबईस परत धाडून नवा मागविण्यात एक हंगाम जाई. येथे आपल्या लोहाराचा या यंत्राशी पहिला संबंध आला असावा असे आमचे मत आहे. तो विकत घेणारा म्हणून आला नाही, मोडलेले सांधणारा म्हणून आला.

बीड हे लोखंड असले तरी त्याचा स्वभाव निराळा. ते ऐरणीवर ठोकता येत नाही. ठोकले तर फुटते. घडीव लोखंडाप्रमाणे दोन तुकडे लाल करून घणाखाली एकजीव करता येत नाहीत. तेव्हा भात्यावर वाढलेल्या माणसास हे परके द्रव्य होते. त्याने त्यावर जो उपाय काढला तो आम्हांस फार विचार करण्यासारखा वाटतो. गाडीच्या लाकडी चाकावर धाव चढविताना लोखंडी कडे चाकाहून किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या जाळात तापवून फुगवितात, चाकावर बसवितात आणि पाणी ओततात. कडे आवळते आणि आरे-पुठ्ठे जागच्या जागी जखडले जातात. हाच प्रयोग फुटलेल्या बिडाच्या तुंब्यावर केला की तडा मिटतो. विलायती ग्रंथांतही हा इलाज आहे. परंतु आपल्या माणसाला त्यासाठी ग्रंथ लागला नाही. जुन्या एंजिनाच्या तुंब्यावर घडीव लोखंडाचे असे कडे दिसले तर ते कारखान्याचे नव्हे, गावच्या लोहाराचे समजावे.

सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या कप्प्यास जाणारे तडे हा दुसरा रोग. थंड देशांत हे तडे पाणी गोठल्याने जातात. आपल्याकडे ते उलट कारणाने जात. एंजिन चालता चालता पाणी आटे, सिलिंडर तापून जाई, आणि मग चालविणारा घाईघाईने विहिरीचे गार पाणी ओती. असा तडा आणखी धावू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस बारीक भोके पाडीत, आणि मग एकीत दुसरी अडकेल अशा आटे पाडलेल्या मेखांची रांग बसवून वरून ठोकून घेत. किंवा पट्टी लावून खाली शेंदूर व जवसाचे तेल यांचा लगदा भरीत. मारुतीला चढतो तोच शेंदूर. शिशाचा असल्याने विषारी, एवढे आजच्या वाचकाने लक्षात ठेवावे.

एंजिनाच्या बेअरिंगात पांढरा धातू ओतावा लागे. तो पितळी कवचास चिकटण्यासाठी आधी कवचास कथील चढवावे लागते, आणि कथील धरण्यासाठी नवसागर. आता भांड्यांस कल्हई करणाऱ्या तांबटास हे कोणी शिकवावयास हवे होते काय? कार्बोरेटरातील पितळी तरंगता गोळा गळू लागला तर तो झाळण्याचे नाजूक काम फुंकणीच्या जाळाने सोनाराच्या हातून होई. नव्या भागाचा लाकडी फर्मा सुतार करी, एंजिनाखालचे ओंडके तोच बसवी. आणि पिठाची गिरणी असेल तर तिच्या दगडास टाकी लावण्यास पाथरवट येई. ज्ञातीच्या सभांतून पंचशिल्पांची एकी या विषयावर भाषणे पुष्कळ होतात. ती एकी प्रत्यक्ष पाहावयाची असेल तर जुन्या गिरणीचे एंजिन खोलून पाहावे.

या दुरुस्तीने एक मोठा सामाजिक पालट घडवून आणला. एंजिनाच्या कामाचे बलुते नव्हते. त्यास नगद मजुरी होती. मोटेचे चाक गेले तसे धान्याचे माप गेले, आणि ‘लोहार’ वा ‘सुतार’ अशी हाक मारणारा शेतकरी ‘मिस्त्री’ म्हणू लागला. ही हाक आपल्या वाडवडिलांना किती मोलाची वाटे हे ज्यांनी ऐकले आहे त्यांस वेगळे सांगावयास नको. तथापि सर्वांचेच असे भले झाले नाही. मोटेचे कणे करणारी पुष्कळ सुतार घरे या पालटात निकामी झाली आणि खडी फोडण्यास गेली. त्यांची आठवण न ठेवता केवळ मिस्त्रींचा गौरव करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

देशी एंजिनांचा काळ पुढे आला. साताऱ्यास धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात, १९३० नंतरच्या दशकात, डिझेल एंजिने बनू लागली. देशातील पहिल्या डिझेल एंजिनाचा मान याच कारखान्यास देतात. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात वाडी वसविली. तेथील लोखंडी नांगर काळ्या जमिनीत आला, आणि १९४६ साली खडकीस किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर पुढे करोडगिरीचा अडसर दूर झाला आणि ही एंजिने मराठवाड्यात मोकळेपणी येऊ लागली. मागाहून राजकोटच्या कारखान्यांनी इंग्लंडातील लिस्टर व पेटर यांच्या घडणीची एंजिने स्वस्तात काढली. आपल्याकडील मिस्त्री आजही जातीवरून गाय ओळखावी तसे ‘हे लिस्टर, हे पीटर’ असे म्हणतात. त्यातील बहुतेकांनी विलायत पाहिलेली नसते.

लहान पेट्रोल एंजिनांचा विचार वेगळा केला पाहिजे, कारण ती सर्वांत आधी नाहीशी होत आहेत. डर्स्ली येथील लिस्टर कंपनीने १९२६ साली काढलेले दीड अश्वशक्तीचे ‘डी’ एंजिन, वुल्व्हरहॅम्प्टनच्या व्हिलियर्सची दोन फेऱ्यांची छोटी एंजिने, आणि अशाच इतर कंपन्यांची यंत्रे फवाऱ्यास, तंबूतील सिनेमाच्या वीजयंत्रास, जत्रेतील ध्वनिक्षेपकास, लहान पंपास जोडीत. यांत पेट्रोल व घासलेट यांचे दोन कप्पे पुष्कळदा असत. सुरुवात पेट्रोलवर करावयाची, एंजिन तापले की तोटी फिरवून घासलेटवर घ्यावयाचे आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणावयाचे. न आणल्यास दुसऱ्या दिवशी ते चालू होत नसे. ठिणगी मॅग्नेटोतून मिळे, बॅटरी लागत नसे. मोठे एंजिन जागेवरून हलत नाही म्हणून वाचते. हे लहान एंजिन दोघे जण उचलतात आणि भंगाराच्या गाडीत टाकतात. त्यातील तांब्याची तार, पितळ व ॲल्युमिनियम वेगळे काढून विकले जाते आणि एका दिवसात त्याचा मागमूस राहत नाही.

हत्यारांचीही हीच गत आहे. त्यांत मापांचा इतिहास दडला आहे, तो मोठा मनोरंजक आहे. आपल्या सुतारांचा गज चोवीस तसूंचा. इंग्रजी एंजिनाबरोबर इंच आला आणि इंचाचे आठ भाग म्हणजे सूत. एंजिनाचे आटे व्हिटवर्थ मापाचे, पंचावन्न अंशांच्या कोनाचे. हे माप १८४१ पासूनचे. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे आली आणि त्यांचे आटे साठ अंशांचे. एकाच घरातील पेटीत तसूची पट्टी, सुताचे पाने आणि मिलिमीटरचे पाने एकत्र सापडतात ते यामुळे. ज्यास हे ठाऊक नाही तो जुन्या बोल्टावर नवा नट बळेच चढवितो आणि दोन्ही नासवितो.

मग एंजिने गेली कशाने? वीज आली हे अर्धे उत्तर झाले. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली स्थापन झाले आणि पुढील वीस वर्षांत विहिरींवर विजेच्या मोटारी बसत गेल्या. मोटार लावली तरी एंजिन अडीअडचणीस ठेवीत. त्याचा खरा घात पाण्याने केला. जमिनीवरील पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबावर. निसर्गाचा नियमच असा की सुमारे दहा मीटरांपलीकडे पाणी ओढले जात नाही, आणि व्यवहारात सात-आठ मीटर झाले तरी पुष्कळ. पाणी खाली गेले तसे शेतकऱ्यांनी एंजिन विहिरीत ओटा बांधून खाली नेले. १९७२ च्या दुष्काळानंतर विंधनविहिरींची संख्या वाढत गेली. शेकडो फूट खोल, सहा इंच रुंद भोकात एंजिन उतरवावे कसे? तेथे पाण्यात बुडणारा विजेचा पंपच हवा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ही त्याच उताराची पुढची पायरी. विहिरीत ओट्यावर अडकून राहिलेली एंजिने आजही कोठे कोठे दिसतात. काढण्यास खर्च येतो म्हणूनच ती उरली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या किल्लारी भूकंपाने औसा, उमरगा, निलंगा या भागांतील माणसे हजारोंनी नेली. माळवदाच्या घरांखाली जे सामान गाडले गेले त्यात पिढीजात ऐरणी व हत्यारांच्या पेट्याही होत्या. त्या शोकात त्यांचा विचार कोणी करावा अशी अपेक्षाही नव्हती. गावे नव्या जागी वसली, पण नव्या घरास भाता लावण्याची जागा नव्हती.

आता उरलेले बीड ओतशाळांकडे जाते आणि पोलादी तुकडा जालन्याच्या भट्ट्यांत वितळून सळया होतो. यात कोणाचा अपराध नाही. विकणाऱ्यास गरज असते. परंतु कोल्हापूरकडे पाहावे. तेथेही ऑइल एंजिनांच्या दुरुस्तीतून आणि निर्मितीतून उद्यमनगर उभे राहिले, ओतशाळा वाढल्या, आणि तेथील मिस्त्रींची नावे शहराच्या इतिहासात घेतली जातात. नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या सोळा रस्ते मिळणाऱ्या गंजगोलाईच्या आसपास ज्यांनी आयुष्यभर लेथ फिरविला त्यांची नावे त्यांच्या नातवंडांखेरीज कोणास ठाऊक नाहीत.

संग्रह करणे हे श्रीमंतांचे काम असा समज आहे, तो खरा नव्हे. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर यांचे चष्म्यांचे दुकान होते. त्यांनी १९२० च्या सुमारापासून दिवे, अडकित्ते, कुलपे असल्या घरगुती वस्तू जमविल्या, आणि १९७५ साली तो संपूर्ण संग्रह शासनाच्या स्वाधीन केला. आपल्या अधिक जवळचे उदाहरण तेरचे. लातूरच्या त्याच लहान रेल्वेवरील या गावी रामलिंगप्पा लामतुरे यांनी पावसाने उघड्या पडणाऱ्या मातीच्या मूर्ती, नाणी, मणी वेचून ठेविले. आज त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय तेथे आहे. सातवाहनांचा मणी जपला जातो आणि आजोबांचा मॅग्नेटो भंगारात जातो, याचे कारण एवढेच की मणी जुना आहे अशी आपली खात्री पटली आहे. परदेशांत ही दृष्टी पालटली आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील कूलस्प्रिंग येथे १९८५ पासून केवळ जुन्या एंजिनांचे संग्रहालय आहे. इंग्लंडात पॉइन्टन येथे तसेच दुसरे आहे. तेथे रविवारी शेतकरी, शिक्षक, निवृत्त यांत्रिक जमतात आणि शंभर वर्षांची एंजिने चालवून दाखवितात.

ज्यांच्या घरी असे एंजिन आहे त्यांनी ते चालू करण्याची घाई करू नये. पिस्टन गंजून बसला असेल तर प्लग अथवा तेलाची नळी काढून सिलिंडरात घासलेट व वंगणतेल ओतावे आणि दिवसच्या दिवस, वेळी महिनाभर, वाट पाहावी. नंतर बाभळीच्या लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोकावे. लोखंडी हातोडा थेट पिस्टनवर पडता कामा नये. लहान पोलादी भागांचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेच्या सौम्य प्रवाहाने निघतो. भाग ऋण टोकास व टाकाऊ लोखंडाचा तुकडा धन टोकास जोडावा, आणि काम उघड्यावर करावे, कारण त्यातून ज्वालाग्राही वायू निघतो. ॲल्युमिनियम यात बुडवू नये. हत्यारांच्या दांड्यांस जवसाचे तेल उत्तम. मात्र तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नयेत, त्या आपोआप पेट घेतात.

परंतु आमचे मुख्य सांगणे निराळे आहे, आणि त्याविषयी हौशी मंडळींशी आमचा मतभेद आहे. ते एंजिन घासून, ठोकळे-पट्ट्या काढून, तडे वेल्डिंगने बुजवून, चकचकीत हिरवा रंग देऊन कारखान्यातून आल्यासारखे करतात. असे केले की ते एंजिन इंग्लंडचे होते. आपले राहत नाही. तुंब्यावरचे कडे, तड्यावरच्या मेखा, हाताने कानशीने घडविलेला खटका, दुसऱ्याच एंजिनाचा बसविलेला झडपेचा दांडा, हे सर्व जसेच्या तसे ठेवावे. चालण्यास धोका असेल तर चालवू नये, ठेवावे. पितळी नावपट्टीवर रंग चढवू नये की ती तारेच्या ब्रशाने घासू नये. तिच्यावरील क्रमांकावरून बनावटीचे साल पुष्कळदा शोधता येते. खोलण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. आजकाल प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो, तेव्हा ही सबब चालणार नाही.

ज्ञातिबंधु-भगिनींस विनंती अशी की येत्या खंडेनवमीस हत्यारे पूजेसाठी मांडाल तेव्हा हळदकुंकू लावण्यापूर्वी प्रत्येकाचे नाव, ते कोणी घडविले वा कोठून आणले, कोणत्या कामास वापरीत, हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून एका वहीत उतरवावे. हत्यारांची घरगुती नावे गावोगाव बदलतात. ती जशी उच्चारतात तशीच लिहावी, शुद्ध करू नयेत. एंजिन असल्यास नावपट्टीवरील अक्षरे व आकडे, आणि दिसेल ती प्रत्येक दुरुस्ती लिहावी. नक्कल मंडळाकडे पाठवावी, मूळ वही घरीच ठेवावी. एंजिन मोडीत गेले असले तरी ते सुरू करावयाची लोखंडी मूठ बहुधा घरात राहिलेली असते. कोणी तिने दारास अडसर घालतात, कोणी खुंटी म्हणून भिंतीत ठोकतात. तीही नोंदवावी, आणि तिचे माप सुतात द्यावे. ज्यांच्याकडे एंजिन आहे परंतु मूठ नाही अशी दोन घरे आमच्या माहितीची आहेत. एक नांदेडकडील आहे व दुसरे लातूरकडील.